होडी कोरडीच परत आली

२१ जुलै २०२१ ला बकरी ईद होती. कोरोनामुळे ईदगाहवर जमणं नव्हतं, घरातच नमाज पढली. कुर्बानीचं गोश्त वाटेवाटेपर्यंत दुपार उलटली आणि पाऊस काही थांबायचं नाव घेईना. संध्याकाळी चिपळूणहून आपाचा फोन आला. ईद मुबारक झालं, मुलांची विचारपूस झाली. मग हसत म्हणाली, "गल्लीत पाणी आलंय रे, पण ते काय दरवर्षीच येतं." रात्री अडीचला पुन्हा फोन. आता हसणं नव्हतं. "पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीवर आहे." फजरच्या वेळी आम्ही फोन लावला तर लागला नाही. त्यानंतर दिवसभर लागला नाही.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. एक उर्दू शाळेत मराठी शिकवतो, तोच हे लिहितो आहे. दुसरा भिवंडीतल्या निम्म्या तरुणांसारखा गोदामात हिशेब ठेवतो. सकाळी टीव्हीवर चिपळूणची बाजारपेठ दिसली. दुकानांच्या पाट्यांपर्यंत पाणी. वाशिष्ठी आणि शिव या दोन नद्यांच्या मध्ये सापडलेलं ते गाव. २००५ च्या २६ जुलैलाही बुडालं होतं, पण आपा म्हणायची की तेव्हाचं पाणी तिच्या घराच्या उंबऱ्यावरून परत गेलं. या वेळी लोक छपरांवर होते आणि जो तो एकच गोष्ट मागत होता, होडी. अम्मी जानमाजवरून उठल्या आणि म्हणाल्या, "भिवंडीला खाडी आहे ना? मग होडी न्या."

खाडीकाठच्या एका गावात आमच्या अब्बांच्या ओळखीचे एक काका राहतात. मासेमारी करतात. त्यांच्याकडे फायबरची चौदा फुटी होडी होती. आम्ही काय पाहिजे ते सांगितलं. त्यांनी भाडं विचारलं नाही, परत कधी आणणार विचारलं नाही. "न्या. फक्त बांधाल ते नीट बांधा," एवढंच म्हणाले.

शेजाऱ्यांचं पिकअप मिळालं. एरवी त्यातून कापडाच्या तागांची ने-आण होते. आता ज्या शहरात बीमपासून फ्रीजपर्यंत सगळं टेम्पोवर चढतं आणि उतरतं, त्या शहरात राहून आम्हाला एक होडी बांधता येऊ नये? पण खरंच येत नव्हती. आमच्या गल्लीतला कुठलाही हमाल बीम असा रचतो की गाडी उलटली तरी बीम हलायचा नाही. त्या दिवशी आम्ही त्यांच्यातल्या एकालाही हाक मारली नाही. घाई होती ना!

पिकअपचा हौदा नऊ फुटांचा, होडी चौदा फुटांची. फाळका खाली सोडला आणि होडी सरळ आत सारली, पाण्यात असते तशीच, पोट खाली, तोंड वर. पाच फूट मागे लोंबत राहिली. तिच्यातच पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, चादरी आणि गाडीच्या चाकांच्या चार फुगवलेल्या ट्यूब टाकल्या. वरून नायलॉनच्या दोराचे दोन फेरे घेतले, दोन्ही बाजूंच्या कड्यांना गाठी मारल्या, बिस्मिल्ला म्हटलं आणि निघालो.

पनवेलपर्यंत काही कळलं नाही. पेण सोडल्यावर भाऊ म्हणाला, स्टिअरिंग हलकं लागतंय, गाडी पाण्यावर चालल्यासारखी वाटते. आम्हाला वाटलं, रस्ताच तसा आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं काम इतकी वर्षं चाललं आहे की त्या रस्त्यावर काहीही झालं तरी माणूस खड्ड्यालाच दोष देतो. वडखळजवळ एका खड्ड्यात मागचं चाक गेलं आणि पाठीमागे काहीतरी रस्त्यावर घासल्याचा असा आवाज झाला, की तो आवाज अजून कानातून जात नाही.

होडी दोन फूट मागे सरकली होती. तिचं शेपूट खडीवर आपटून चिरलं होतं. आणि होडीत वीतभर पाणी होतं.

हे पाणी कुठून आलं, हे समजायला आम्हाला वेळ लागला. अहो, वरून धो धो पाऊस पडतो आहे आणि आम्ही चौदा फुटांची परात आभाळाकडे तोंड करून ठेवली आहे. एक घनमीटर पाणी म्हणजे एक हजार किलो, हे आमच्याच शाळेत सातवीला शिकवतात. होडीच्या तळाचं क्षेत्र तीन चौरस मीटर धरलं, तर दहा सेंटिमीटर पाण्याचं वजन तीनशे किलो होतं. वीतभर पाणी म्हणजे त्याच्या दुप्पट. होडीचं स्वतःचं वजन सव्वाशे किलोच्या आसपास. म्हणजे होडीपेक्षा जड असं पाणी आम्ही वाहत होतो, आणि तेही सारखं मागेपुढे हिंदकळणारं. गाडीचं बूड खाली बसलं होतं आणि पुढची चाकं हलकी झाली होती. त्यातच नायलॉनचा दोर भिजला की ताणला जातो. सुती दोर भिजून आवळतो, नायलॉन सैल पडतो. गल्लीत उभं राहून दोघांनी लोंबकळून आवळलेला तो दोर वडखळला पोहोचेपर्यंत ओल्या लुंगीसारखा ढिला झाला होता.

तिथे एका हॉटेलासमोर ट्रक थांबलेले होते, पुढे महाडला रस्ता पाण्याखाली गेल्याची बातमी होती. एका ट्रकचे ड्रायव्हर, साठीकडे झुकलेले, सातारकडचे असावेत बोलण्यावरून, छत्री घेऊन आले. त्यांनी होडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मास्तर आहात का?" आम्ही हो म्हटलं. "वाटलंच," म्हणाले. पण पुढचे तीन तास ते आमच्याबरोबर पावसात उभे राहिले, हेही सांगितलं पाहिजे.

पहिलं काम म्हणजे होडी रिकामी करून उलटी करणं. पोट वर. मग पाऊस तिच्यावरून वाहून जातो. दुसरं, ती नुसती हौद्यात न ठेवता पुढचं टोक केबिनच्या मागे जी लोखंडी जाळी असते तिच्यावर चढवलं. टोक केबिनच्या वर तीन फूट पुढे गेलं आणि पाठीमागचं लोंबणं पाच फुटांवरून दोनवर आलं. जाळीवर एक जुना टायर आणि त्यावर गोणपाटाची घडी, म्हणजे लोखंड फायबरला खाणार नाही. हॉटेलवाल्याने टायर दिला, पैसे घेतले नाहीत.

आणि मग दोर. इथे आमची खरी चूक कळली. ड्रायव्हरमामा म्हणाले, "तुम्ही काय केलंत, वरून दोन फेरे घेतलेत. त्याने होडी खाली दाबली जाते. पण तिला पुढे-मागे सरकायला कोण अडवतंय?" होडीला आडवे पट्टे लागतात ते दाबून धरायला. पण ब्रेक मारला की ती पुढे जाते, चढ आला की मागे येते, त्यासाठी वेगळे दोर लागतात. त्यांनी पुढच्या टोकाला दोर बांधला आणि त्याची दोन टोकं बंपरखालच्या दोन कड्यांना नेली, समोरून पाहिलं तर आपल्या मराठी ८ च्या आकड्यासारखा. पाठीमागेही तसाच दुसरा ८. मध्ये दोन आडवे दोर, एकमेकांना फुली मारून. मग त्यांनी होडी धरून जोरात हलवली. होडीबरोबर अख्खी गाडी हलली. "आता ही गाडीचा भाग झाली," म्हणाले. "दहा किलोमीटरवर थांबा आणि पुन्हा आवळा. नवा बांधलेला दोर पहिल्या दहा किलोमीटरमध्येच ढिला होतो. नंतर जिथे चहा प्याल तिथे हात लावून बघायचं."

आधी उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही तिरमिझीमधली हदीस आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो. आम्ही तर ती दरवर्षी वर्गात सांगतो. उंट बांधायचा कसा, हे मात्र त्या दिवशी वडखळला शिकलो, तेही ज्यांना ती हदीस माहीत असायचं काही कारण नाही अशा माणसाकडून.

माणगावला पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती. पुढे रस्ता बंद. महाड बुडालेलं. तळियेला दरड कोसळून वाडीच गाडली गेल्याचं रात्री कुणीतरी सांगितलं, आणि मग कुणी फारसं बोललं नाही. एका मशिदीच्या आवारात लोकांनी जागा दिली, चहा-खिचडी दिली. आमच्यासारखेच दहाबारा जण होते, कुणाचं कोण महाडला, कुणाचं खेडला, कुणाचं चिपळूणला. होडी बाहेर गाडीवर, पालथी.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून आपाचा आवाज आला. "सगळे आहोत." आधी तिने हे दोनच शब्द सांगितले. मग रडली. मग सांगितलं.

पाणी पहिल्या मजल्यावर आल्यावर ते माडीवर गेले. समोरच्या घराला गच्ची होती, यांच्या घराला कौलं. मध्ये गल्ली, गल्लीत वाहतं पाणी. आपाच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. तिच्या सतरा वर्षांच्या मुलाने, आमच्या भाच्याने, घरातली पाणी साठवायची चार निळी पिंपं रिकामी करून झाकणं घट्ट लावली, त्यांच्यावर न्हाणीघराचा दरवाजा उचकटून ठेवला आणि आईच्या कपाटातले दुपट्टे काढून सगळं बांधलं. दोर घरात नव्हताच. दुपट्टे ओले करून बांधले, सुती होते ते. गच्चीवरच्या लोकांनी साड्या जोडून टाकल्या, त्या धरून आजीला पलीकडे नेलं. मग शेजारची दोन मुलं. मग आपा. दुल्हाभाई सगळ्यात शेवटी.

म्हणजे आम्ही वडखळला दोर शिकत होतो, त्याच सुमाराला तिकडे एक पोरगा न शिकता बांधत होता.

ते तीन तास गेले नसते तरी फरक पडला नसता. महाड बंदच होतं, आणि चिपळूणच्या तोंडाशी वाशिष्ठीचा पूलही खचला होता. हे आम्ही एकमेकांना पुष्कळदा सांगितलं आहे. ज्या अर्थी पुष्कळदा सांगावं लागतं, त्या अर्थी आमची स्वतःचीच खात्री पटलेली नसावी.

पाणी, बिस्किटं, चादरी महाडकडे निघालेल्या एका टेम्पोत दिल्या आणि २४ तारखेला परतलो. होडी परतीच्या वाटेवर बोटभरही सरकली नाही. काकांच्या दारात उतरवली तेव्हा त्यांनी उलट्या होडीवरून हात फिरवला, चिरेवर बोट ठेवलं. चिरेबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, "होडी कोरडीच आली की मास्तर." थोड्या वेळाने म्हणाले, "तुमच्या ईदगाह रोडला परवा पाणी भरलं होतं. पोरं आली होती होडी मागायला. मी म्हटलं, होडी चिपळूणला गेली."

कामवारी नदीचं पाणी ईदगाह रोडच्या वस्तीत शिरणं आमच्या गावाला नवीन नाही. आम्ही दोनशेहून जास्त किलोमीटर दूरचा पूर गाठायला निघालो आणि घराजवळचा विसरलो. आपा तिकडे होती, आमची चूक झाली असं आजही म्हणवत नाही. पण काकांच्या त्या वाक्यावर आम्हाला काही उत्तर सुचलं नव्हतं, अजूनही सुचलेलं नाही. चीर बुजवायला फायबरची चटई आणि रेझिन लागलं, तेवढेच पैसे त्यांनी घेतले.

या गोष्टीचा दुसरा भाग भाच्याचा आहे. बारावीनंतर तो सिंधुदुर्गात पर्यटकांना पाण्यात फिरवणाऱ्यांकडे कामाला लागला. आपाला पटलं नाही. ज्या पाण्याने घर खाल्लं त्याच पाण्यात नोकरी! पण तो रमला. २०२३ च्या मे महिन्यात त्याने दोन जुन्या कयाक विकत घेतल्या आणि आमच्या दारात आणून उभ्या केल्या. "मामू, या तुमच्या गल्लीसाठी."

कयाक म्हणजे एकदोन माणसांची अरुंद, लांबट होडी, दोन्ही टोकं निमुळती, दोन्ही बाजूंना पातं असलेल्या एकाच वल्ह्याने चालवायची. नावही उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांचं. ते लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ती करत, आणि एकटा माणूस ती उचलून नेई. आताची प्लॅस्टिकची असते. भाच्याने आणलेल्या दहा फुटी, वजन पंचवीस-तीस किलो. दोन मुली सहज उचलतात, आमच्या घरातल्या दोघींनी उचलूनच दाखवली. त्यात वर बसायचं असतं, आत नाही, त्यामुळे उलटली तरी माणूस अडकत नाही. आणि रुंदी अडीच फुटांच्या आत. आमच्या लूमच्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या आकड्याची किंमत कळेल. काकांची होडी त्या गल्ल्यांत शिरणारच नव्हती.

भाचा एक गोष्ट बजावून सांगतो. कयाकमधून घरच्या घर बाहेर काढायला जायचं नाही. ती औषध, पाणी, दोर आणि निरोप पोचवायला, फार तर एका माणसाला आणायला. २०१९ च्या पुरात सांगलीकडे ब्रह्मनाळला होडी उलटून माणसं बुडाली ती क्षमतेपेक्षा जास्त लोक बसल्यामुळे. पुरात होडी दिसली की जो तो तिच्याकडे धावणारच, तेव्हा किती बसवायचे हे निघण्याआधीच ठरलेलं असलं पाहिजे. रबरी होडीचं बरं असतं, हवा काढून गुंडाळून कुठल्याही गाडीत मावते. पण ती महाग, तिला पंप हवा, आणि आमच्याकडचे पत्रे-खिळे तिला किती दिवस टिकू देतील कोण जाणे.

मग गाडीवर बांधायचा धडा पुन्हा झाला, या वेळी कोरड्यात. नऊ फुटांच्या हौद्यात दहा फुटी कयाक फाळका उघडून ठेवली तर फूटभरच बाहेर येते. एकच असेल तर पालथी. दोन असतील तर त्या कुशीवर उभ्या ठेवायच्या, पाठीला पाठ लावून, मध्ये जुनी गोधडी. प्लॅस्टिकची पाठ सपाट पडून दाबली गेली की तिला पोचा येतो, कुशीवर ती जास्त ताकदवान असते. पट्टे रुंद घ्यायचे, आणि फार करकचून आवळायचे नाहीत. फायबर चिरतं तसं हे प्लॅस्टिक उन्हात मऊ होऊन दबतं. मे महिन्याच्या उन्हात तासभर करकचून बांधलेल्या कयाकला पट्ट्याची खोबण पडते. पट्टा टाकताना मध्ये एक पीळ द्यायचा. सपाट पट्टा वाऱ्यात भुंग्यासारखा गुणगुणतो आणि थरथरून ढिला होतो, पीळ दिला की गप्प बसतो. पुढचा-मागचा ८ मात्र तोच, वडखळचा. भाच्याला तो आधीच येत होता, आम्ही शिकवायला गेलो आणि त्याने हसून घेतलं.

लांब होडी न्यायची वेळ आलीच तर नवीवस्तीतल्या एका वेल्डरकडून आम्ही लोखंडी घोडी करून घेतली आहे, इंग्रजी टी सारखी. ती मागच्या चासीला बोल्टने बसते आणि होडीचं शेपूट तिच्या आडव्या दांडीवर टेकतं. म्हणजे लोंबणारा भाग अधांतरी राहत नाही. तरी तो बाहेर असतोच. बाहेर आलेल्या मालाला २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली वीस हजारांचा दंड सांगितलेला आहे, आणि तो योग्यच आहे असं आमचं मत. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला अंधारात ते टोक दिसत नाही. दिवसा टोकाला लाल फडकं, रात्री लाल दिवा, आणि शक्य तितकं लोंबणं कमी. अलीकडे पोरं होडी धरून ठेवायला म्हणून हौद्यात बसतात. ते तर मुळीच नको. होडी धरून ठेवावी लागत असेल तर ती बांधलेली नाही.

लाल फडकं म्हणून भाचा जे बांधतो तो आपाचा दुपट्टा आहे, त्या चार पिंपांवरचा. कडेचा चिखलाचा डाग गेला नाही म्हणून ती फेकणार होती.

आता दरवर्षी मेच्या शेवटी एका रविवारी अस्रनंतर गल्लीत सराव असतो. दोर काढायचे, कुजलेले बाजूला टाकायचे, पट्ट्यांची गंजलेली खटकी बदलायची. हमाल मंडळीही येतात आणि आमच्या गाठींना नावं ठेवतात. पहिल्या वर्षी दोन्ही कयाक चढवून बांधायला आम्हाला पस्तीस मिनिटं लागली. या वर्षी बारा. या वर्षी आम्ही काकांनाही बोलावलं होतं. ते खुर्चीवर बसून बघत होते. चहा झाल्यावर उठले, गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढच्या ८ चा डावा दोर दोन बोटांनी ओढून पाहिला.

"हा ढिला आहे मास्तर," म्हणाले.

आम्ही सगळं सोडलं आणि पुन्हा बांधायला घेतलं.